लाइट लागते, पण कॉम्प्युटर दिसत नाही: दोन कॉम्प्युटर थेट केबलने जोडताना

प्रश्न थोडक्यात असा. खानापुरात डीटीपी आणि छपाईचं छोटं दुकान. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, सोसायट्यांचे अहवाल, मराठी आणि कन्नड दोन्हीत. जुना डेस्कटॉप विंडोज ७ चा, त्यात १२ वर्षांचं काम, साधारण ३५० जीबी. आता विंडोज ११ चा लॅपटॉप घेतलाय. एका दुकानदारानं सांगितलं की क्रॉस केबल लागेल, दुसऱ्यानं सांगितलं की मध्ये स्विच (अनेक लॅन केबली एकत्र जोडायचं खोकं) लावल्याशिवाय होणारच नाही. घरातली साधी लॅन केबल लावून पाहिली, दोन्ही बाजूंना लाइट लागली, पण एका कॉम्प्युटरला दुसरा दिसेना. शिवाय घर दुकानाच्या मागे ४० मीटरवर आहे, पुढे तिकडेही केबल ओढावी का, हेही विचारलंय.

आधी एक करा: केबल बदलायला जाऊ नका. लाइट लागली म्हणजे केबलनं तिचं काम केलंय. अडचण आता तारेत नाही, तारेच्या वर आहे. मी बेळगावात २५ वर्षं हेच काम करतोय, आणि "लाइट लागलीय की ओ सर, मग का दिसंना?" हा फोन मला आजही येतो. तुमच्या घरी वायफायचा राउटर असतो तेव्हा तो गुपचूप बरीच कामं करत असतो. कोणाला कुठला पत्ता द्यायचा, बाहेरचा रस्ता कुठला, हे सगळं तो सांगतो. थेट केबल जोडली की हा मधला माणूस निघून जातो, आणि त्याची कामं आपल्यालाच करावी लागतात. ती फार नाहीत, पण एकही सुटलं तर काहीच चालत नाही.

क्रॉस केबलची गोष्ट खोटी नव्हती, तिचा काळ संपलाय. जुन्या १० आणि १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट, म्हणजे वेगाचं माप) लॅन कार्डात १ आणि २ नंबरच्या पिना बोलायच्या, ३ आणि ६ नंबरच्या ऐकायच्या. स्विचमध्ये हे उलटं असायचं, म्हणून कॉम्प्युटर ते स्विच साधी केबल चालायची. पण कॉम्प्युटरला कॉम्प्युटर जोडला की दोघंही त्याच तारांवर बोलणार आणि ऐकायच्या तारांवर शुकशुकाट. म्हणून एका टोकाला ५६८-बी हा तारांच्या रंगांचा ठरलेला क्रम (पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी) आणि दुसऱ्या टोकाला ५६८-ए, म्हणजे नारिंगी आणि हिरव्या जोड्यांची अदलाबदल, अशी केबल मारायचो. त्याच्याही आधी कोॲक्स केबलचा (टीव्हीच्या वायरसारखी गोल) जमाना होता, दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे टोक बंद करणारी टोपी, लावावा लागायचा, आणि तो सैल झाला की सगळं नेटवर्क बंद. ते दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना आजची केबल किती सोशिक आहे ते कळतं.

पुढे ह्युलेट-पॅकार्डच्या अभियंत्यांनी ऑटो-एमडीआयएक्स आणलं, म्हणजे कुठल्या जोडीवर बोलायचं ते पोर्टच पाहून ठरवतं. १९९९ साली तांब्याच्या केबलवरचं गिगाबिट (१००० एमबीपीएस) आलं तेव्हा तर चारही जोड्यांवर दोन्ही दिशांनी एकदमच बोलणं सुरू झालं. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सगळ्या गिगाबिट पोर्टमध्ये ही सोय आहे, आणि दोघांपैकी एकाकडे असली तरी पुरते. तुमचा लॅपटॉप किंवा त्याचा अडॅप्टर नवा असल्यामुळे साधी केबल चालणार हे नक्की. क्रॉस केबल आता फक्त दोन्हीकडे खूप जुनी १०/१०० ची कार्डं असतील तिथे लागते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जुन्या सीएनसी मशीनला (कॉम्प्युटरच्या आज्ञेवर चालणारं कारखान्यातलं यंत्र) लॅपटॉप जोडायला मी जातो तेव्हाही साधीच केबल नेतो, कारण लॅपटॉपचं पोर्ट सांभाळून घेतं. तिथे क्रॉस लागते ती आरएस-२३२ या जुन्या सिरीयल जोडणीच्या ९ पिनी केबलला, २ आणि ३ नंबर उलटसुलट, तेही त्याच कारणानं.

लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नसेल तर यूएसबीचा अडॅप्टर घ्या, पण यूएसबी ३ चा आणि गिगाबिट असं स्पष्ट लिहिलेला. स्वस्तातला यूएसबी २ चा बहुधा १०० एमबीपीएसचाच असतो. आणि एक गोष्ट चुकूनही करू नका: दोन्ही टोकांना सारखीच चपटी यूएसबी पिन असलेली साधी केबल घेऊन दोन कॉम्प्युटर जोडायला जाऊ नका. दोन्हीकडून ५ व्होल्ट एकमेकांवर चढतात, पोर्ट जाऊ शकतं.

आता पत्ते. राउटर नसला की विंडोज थोडा वेळ वाट पाहून स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतं. दोघांनीही तसाच घेतला तर खरं म्हणजे एकमेकांशी बोलता येतं, पण दर वेळी तो तोच राहील याचा भरवसा नाही. हे दोन कॉम्प्युटर तुम्ही रोज जोडून ठेवणार असाल तर हातानं पत्ता द्या. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, येणाऱ्या चौकटीत एनसीपीए.सीपीएल (ncpa.cpl) ही अक्षरं इंग्रजीत टाइप करा. लॅनच्या चित्रावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, त्यात इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४. जुन्याला १९२.१६८.५०.१ द्या, नव्याला १९२.१६८.५०.२. सबनेट मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०. आकडे अर्थातच इंग्रजी. गेटवे (बाहेर जायचा रस्ता) आणि डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा) दोन्ही रिकामे.

गेटवे रिकामा ठेवा हे मी मुद्दाम सांगतोय. तिथे काहीतरी भरायलाच हवं असं वाटून लोक समोरच्या कॉम्प्युटरचा पत्ता टाकतात, आणि मग लॅपटॉपचं वायफायवरचं इंटरनेट अडतं, कारण विंडोज बाहेरचा रस्ता या केबलमधून शोधायला लागतं. आणि ५० का? घरातले बरेच राउटर १९२.१६८.०, १९२.१६८.१ असे पत्ते वाटतात. केबलवरही तेच दिले तर लॅपटॉपला वायफाय कुठलं आणि केबल कुठली तेच कळत नाही. मधला आकडा वेगळा ठेवला की हा घोळच होत नाही.

यानंतर बहुतेक जण पिंग करून पाहतात (पिंग ही समोरच्या पत्त्याला हाक मारून पाहायची कमांड), उत्तर येत नाही, आणि पुन्हा केबलच्या मागे लागतात. इथे दोष फायरवॉलचा असतो. विंडोजला या केबलवर राउटर दिसत नाही, म्हणून ते तिला अनोळखी नेटवर्क ठरवतं आणि सार्वजनिक जागेचे कडक नियम लावतं. म्हणजे तुमच्या दुकानातल्या टेबलावरच्या दोन यंत्रांमधल्या दोन मीटर केबलला ते बसस्टँडवरच्या वायफायसारखं वागवतं.

पण फायरवॉल बंद करू नका. नीट विचार केला तर एकाच बाजूला एकच गोष्ट उघडायची आहे. फायरवॉल बाहेरून आत येणाऱ्याला अडवते. तुम्ही फाइली नव्या लॅपटॉपवर बसून जुन्यातून ओढून घेणार असाल तर आत येणं फक्त जुन्याकडे घडतं. म्हणून नव्या लॅपटॉपच्या फायरवॉलला हातही लावायची गरज नाही. जुन्या विंडोज ७ वर नेटवर्क अँड शेअरिंग सेंटरमध्ये जा, चेंज अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज उघडा आणि पब्लिकच्या खाली फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा. पिंगही नव्यावरून जुन्याला करा. जुन्यावरून नव्याला केलं तर सगळं बरोबर असूनही उत्तर येणार नाही, आणि तुम्ही पुन्हा गोंधळाल. जुन्यावर एखादा अँटिव्हायरस स्वतःची वेगळी फायरवॉल घेऊन बसला असेल तर त्यातही लॅपटॉपच्या पत्त्याला परवानगी द्यावी लागेल.

पिंगला उत्तर आलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं पासवर्डचं. सर्वांत जास्त चुकीचा सल्ला मिळतो तो इथेच. पूर्वी सगळे सांगायचे की पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करा, मग कोणालाही फोल्डर उघडतं. विंडोज ७ ते विंडोज ७ हे चालायचं, मीही कितीतरी ठिकाणी केलंय. आता ते केलंत की जुना कॉम्प्युटर तुम्हाला "पाहुणा" म्हणून आत घेऊ पाहतो, आणि विंडोज ११ असं पाहुणा म्हणून जायलाच बहुधा नकार देतं, संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे अडवलंय असा काहीतरी संदेश दाखवतं. तुमच्या दुकानात कसली संस्था आणि कसलं धोरण, असं वाटून माणूस हताश होतो.

म्हणून उलट करा. जुन्या कॉम्प्युटरवर एक नवा वापरकर्ता बनवा, नाव इंग्रजीत छोटंसं, आणि त्याला पासवर्ड द्या. पासवर्ड रिकामा ठेवू नका, कारण रिकाम्या पासवर्डाच्या खात्याला विंडोज समोर बसून आत घेतं, पण नेटवर्कवरून घेत नाही. मग कामाच्या फोल्डरवर उजवी क्लिक, शेअर विथ, स्पेसिफिक पीपल, त्यात हा नवा वापरकर्ता आणि परवानगी फक्त रीड. आता लॅपटॉपवर विंडोज आणि आर, तिथे दोन उलट्या तिरक्या रेघा (\\) आणि लगेच १९२.१६८.५०.१. नाव-पासवर्ड विचारेल, तो जुन्या कॉम्प्युटरवर बनवलेला द्यायचा. लॅपटॉपचा चार आकडी पिन इथे कधीच चालत नाही. पिन फक्त त्याच लॅपटॉपसाठी असतो.

नेटवर्क या चित्रात जुना कॉम्प्युटर नावानं दिसावा म्हणून वेळ घालवू नका. दिसला तर बरं, नाही दिसला तरी पत्ता टाकून उघडलं की झालं. जुना एक्सपी असता तर गोष्ट वेगळी. एक्सपीला शेअरिंगची फक्त पहिली जुनी पद्धत येते, आणि २०१७ पासूनच्या विंडोज १० मध्ये नव्यानं बसवताना ती बंद असते. ती मुद्दाम चालू करणं मला पटत नाही, एक्सपीची हार्ड डिस्क काढून वेगळ्या खोक्यात घालून कॉपी करणं बरं.

फक्त रीड परवानगी का दिली ते सांगतो. ती १२ वर्षांची मिळकत आहे. घाईत कॉपीऐवजी कट झालं आणि मध्येच वीज गेली की दोन्हीकडे अर्धंअर्धं उरतं. रीड असेल तर कट होऊच शकत नाही. दुसरं कारण पेन ड्राइव्हचं. छपाईच्या दुकानात दिवसाला किती गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्ह येतात, आणि शॉर्टकट व्हायरस त्यांच्यातूनच शिरतो. जुन्या यंत्रात तसं काही असेल तर कॉपी झालेलं सगळं लॅपटॉपवर आधी तपासून घ्या, मगच उघडा. आणि विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षेची मोफत दुरुस्ती देणं थांबवलंय. त्या कॉम्प्युटरला इंटरनेट देऊच नका. मला थेट केबल आवडते ती म्हणूनच: जुनं यंत्र फक्त लॅपटॉपशी बोलतं, बाहेरच्या जगाशी नाही.

वेग किती मिळेल ते तुमच्या जुन्या मदरबोर्डावर आहे. लॅनच्या चित्रावर दोनदा क्लिक करा, स्टेटसमध्ये १.० जीबीपीएस लिहिलंय की १०० एमबीपीएस ते दिसेल. १०० असेल तर सेकंदाला ११ एमबीच्या आसपास, म्हणजे ३५० जीबीला ९ तास. संध्याकाळी लावून सकाळी या. गिगाबिट असेल तर सेकंदाला १०० एमबी धरून तासाभराचं काम, पण जुनी हार्ड डिस्क तेवढी पळत नाही आणि हजारो बारीक फाइली असल्या की वेग खूपच पडतो, तेव्हा अडीच-तीन तास धरा. दोन्हीकडे झोपायची सेटिंग बंद करा, डेस्कटॉपला यूपीएस असू द्या. मध्येच तुटलं तर काळजी नको. विंडोजसोबत येणारी रोबोकॉपी ही कमांड पुन्हा चालवली की पोचलेल्या फाइली सोडून पुढचं उचलते. रोबोकॉपी शिकायचं नसेल तर साल किंवा गिऱ्हाईक याप्रमाणे एकेक फोल्डर कॉपी करा, सगळे एकदम नको.

स्टेटसमध्ये १०० दिसतंय, पण दोन्ही पोर्ट गिगाबिट आहेत, अशी वेळ आली तर मात्र केबलकडे वळा. गिगाबिटला आठही तारा लागतात. निळी किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी तुटली असेल तर बरीच कार्डं गुपचूप १०० वर उतरतात. अशा वेळी अडॅप्टरच्या सेटिंगमध्ये जाऊन वेग हातानं बांधू नका. एका बाजूला बांधला आणि दुसरी बाजू ऑटोवर राहिली की लाइट लागते, पिंग जातं, पण कॉपी मुंगीच्या पावलानं चालते.

एका मशीन शॉपमधली केबल मला आठवते. साधारण ३५ मीटरची, कोणीतरी नीटनेटकी पट्टीतून ओढलेली. टेस्टर लावला, आठही लाइट एकामागून एक बरोबर लागल्या. तरी लिंक तासाला चारदा तुटायची. माणूस दोनदा टोकं कापून पुन्हा जॅक मारून गेला होता. जॅक जवळून पाहिला तेव्हा कळलं: नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी, अशा ओळीनं तारा घातलेल्या. दिसायला फार सुबक. पण ३ आणि ६ ही एक जोडी असायला हवी, आणि इथे ३ वर हिरव्या जोडीतली तार, ६ वर निळ्या जोडीतली. पिळलेल्या जोडीत एका तारेतला गोंगाट दुसरीत सारखाच येतो, म्हणून तो वजा होतो. दोन वेगळ्या जोड्यांतल्या तारा एकत्र घेतल्या की ती वजाबाकी होत नाही, आणि मशीन शॉपमध्ये तर मोटर, ड्राइव्ह, वेल्डिंग, गोंगाटाला तोटा नाही. साधा टेस्टर फक्त तार सलग आहे का ते सांगतो, कोण कोणाची जोडीदार आहे ते त्याला कळत नाही. टोकं ५६८-बी प्रमाणे मारली, लिंक त्यानंतर तुटली नाही. नवीन पोरांना मी हेच सांगतो: रंगांचा क्रम पाठ करा, सुबकपणा नंतर.

केबल विकत घेताना तार चाकूनं खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. टेबलावरच्या दोन मीटरला ते चालून जाईल, पण जॅकजवळ लवकर तुटतं आणि लांब अंतरावर दगा देतं. शुद्ध तांब्याची कॅट ६ घ्या, आणि छोटी लांबी हवी असेल तर कारखान्यात जॅक मारलेलीच घ्या.

तुमच्या धंद्यासाठी एक वेगळी गोष्ट, केबलशी संबंध नसलेली. जुन्या पेजमेकरच्या (पानं जुळवायचं सॉफ्टवेअर) फाइली मराठीसाठी श्री-लिपीच्या किंवा कन्नडसाठी नुडीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत असतील. फाइल सुखरूप पोचेल, पण फॉन्ट नसेल तर लग्नपत्रिकेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. तेव्हा जुन्यावरच विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले हे सगळे फॉन्ट एका साध्या फोल्डरात काढून ठेवा आणि तो फोल्डरही शेअर करा. फाइलींची नावं युनिकोड मराठीत किंवा कन्नडात असली तरी काही बिघडत नाही, ती तशीच जातात. सॉफ्टवेअर मात्र फोल्डर कॉपी करून चालणार नाही, ते नव्यानं बसवायला हवं. आणि जुनं पेजमेकर नव्यावर बसत नसेल तर डेस्कटॉप तिथेच राहू दे, त्यासाठीच ही केबल कायमची जोडून ठेवायची. सगळं झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या जुळवा, प्रत्येक वर्षातल्या दोनचार फाइली उघडून पाहा, आणि जुनी डिस्क निदान एक हंगामभर पुसू नका.

स्विचचं म्हणाल तर तिसरं यंत्र किंवा लॅनचा प्रिंटर आला की घ्या, पाच पोर्टांचा गिगाबिट पुरे. दोघांसाठी नको.

राहिला घराचा प्रश्न. ४० मीटर अंतर केबलला जड नाही, १०० मीटरपर्यंत ती चालते. तरीही दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची केबल ओढू नका. खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यातला पाऊस तुम्हाला मी सांगायला नको, पण केबलला त्याच्याआधीचा एप्रिल-मे मधला वळीव जास्त घातक. जवळपास वीज पडली की उघड्यावरच्या तांब्यात दाब उठतो आणि दोन्ही टोकांची पोर्टं जातात. वीज थेट केबलवर पडायची गरजच नसते. शिवाय दुकानाचं आणि घराचं अर्थिंग वेगळं असेल तर त्या दोहोंतला फरकही केबलवर येतो. वळवाच्या एका संध्याकाळनंतर मी एका ठिकाणी तीन यंत्रांची लॅन पोर्टं एकदम गेलेली पाहिलीत, आणि केबल मात्र वरून अगदी धडधाकट होती.

तिथे फायबर (उजेडावर चालणारी काचेच्या धाग्याची केबल) टाका. काचेतून वीज जात नाही. मात्र आधारासाठी आत लोखंडी तार नसलेली फायबर मागा, नाहीतर ती तारच वीज घरात आणेल. केबल टीव्ही आणि इंटरनेटचं काम करणारी पोरं आता खानापुरातही फायबर जोडून देतात. एका धाग्याची सिंगल मोड फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (लॅन केबल आणि फायबर यांना जोडणारे डबे) एवढंच सामान. कन्व्हर्टर घेताना एक ए आणि एक बी असा जोडच घ्या: एक १३१० नॅनोमीटरवर बोलतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा नेमका उलट. दोन्ही ए आणलेत तर इथेही पुन्हा तेच, दोघंही एकाच रंगाच्या उजेडात बोलत राहतील आणि ऐकणारा कोणी नसेल.